डिस्को ही तबकधानी!

प्रश्न असा आला आहे : ‘डिस्को डान्स’ ही द्विरुक्ती नाही का? आणि डिस्को तो की ते?

द्विरुक्ती मुळीच नाही, कारण डिस्को हा नाच नव्हेच. एक हात कमरेवर, दुसऱ्याचं बोट छताकडे, एवढ्यावर ‘काय डिस्को केला!’ म्हणायची पद्धत पडली आहे. गॅदरिंगमध्ये ब्रेकडान्सलाही डिस्को म्हणणारे निवेदक भेटतात, तेव्हा कान झाकून घ्यावेसे वाटतात.

डिस्को ही मुळात जागा. फ्रेंचमध्ये ‘बिब्लिओतेक’ म्हणजे ग्रंथालय; त्या चालीवर ‘दिस्कोतेक’ म्हणजे तबकड्यांचा संग्रह, आणि पुढे वादक न बोलावता तबकड्यांवर नाचायचं ठिकाण. त्याची शेपटी अमेरिकेत तुटली. ‘डिस्क’ सगळ्यांना कळतं, ते सोडा. मजा आहे ती तुटलेल्या शेपटीत. ग्रीक ‘थेके’ म्हणजे पेटी, वस्तू ठेवायची जागा. तिच्यामागचा ‘ठेवणे’ या अर्थाचा धातू आपल्या संस्कृत ‘धा’ धातूचा सख्खा भाऊ; निधी आणि राजधानी त्याच घरातले. म्हणजे दिस्कोतेकला अस्सल प्रतिशब्द हवा असेल तर तो ‘तबकधानी’!

यावर काही स्वयंघोषित व्युत्पत्तिकार ‘तेक’चा संबंध ‘स्था’शी, इतकंच काय ‘ठिकाणा’शीही जोडतात. ध्वनी जुळला की नातं जुळलं, असं नसतं. ग्रीक ‘थ’समोर संस्कृतात ‘ध’ येतो : ‘मेथु’ आणि मधु, ‘एरुथ्रोस’ आणि रुधिर. ‘स्था’चं ग्रीक भावंड वेगळं आहे. ही थेके आपल्या दारातही उभी असते. कर्जावर घेतलेल्या गाडीच्या आरसी बुकात ‘हायपोथिकेशन’ छापलेलं असतं, त्यात तीच आहे : ‘खाली ठेवलेलं’, म्हणजे तारण. ‘बुटीक’ही ‘अपोथेके’ म्हणजे कोठारापासून निघालेलं.

आणि तबकडी? ग्रीकांची फेकायची चकती लॅटिनमार्गे इंग्रजीत जेवणाची ‘डिश’ झाली. आपण अरबी-फारसीतून आलेल्या तबकाची तबकडी केली. ते चकतीकडून ताटाकडे गेले, आपण ताटाकडून चकतीकडे.

मग जागेचा नाच कसा झाला? माझ्या मते दोष (किंवा श्रेय) १९७७च्या ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ या अमेरिकी चित्रपटाचा. ब्रुकलिनमधला रंगाच्या दुकानात काम करणारा टोनी शनिवारी रात्री डिस्कोत ‘जातो’. तो डिस्को ‘करत’ नाही. तिथे जोडीने करतात तो ‘हसल’, शिवाय रांगेतले नाच वेगळे. पण मधल्या एकट्याच्या नाचात टोनी झालेला जॉन ट्रॅव्होल्टा डोक्यापासून पायापर्यंत दिसतो. चेहऱ्याचे तुकडे दाखवू नका, पाय दिसू द्या, हा त्याचाच आग्रह. पाहणाऱ्यांनी ती ठेवण उचलली आणि जागेचं नाव तिला चिकटवलं.

संगीत म्हणून डिस्को ओळखायची खूण सोपी आहे. चारही मात्रांवर बास ड्रमचा सारखा ठोका, आणि दोन ठोक्यांच्या मधोमध उघडणारी हाय-हॅट, म्हणजे ड्रमसेटमधली पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी. ठोका एक-तीनवरच पडत असेल तर ते दुसरं काहीतरी आहे, वर कितीही आरशांचा गोळा फिरो. ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’मधल्या ‘स्टेइंग अलाइव्ह’ या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी ड्रमर घरच्या अडचणीमुळे परत गेला होता, म्हणून त्याच चित्रपटातल्या ‘नाइट फीव्हर’मधल्या दोन आवर्तनांची टेप कापून, टोकं जोडून, गोल फिरवत ठेवली. त्यामुळे ठोका तसूभरही हलत नाही. वेग मिनिटाला साधारण १०३. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबतात तो वेगही मिनिटाला १०० ते १२० हवा असतो, म्हणून हे गाणं प्रथमोपचाराच्या वर्गातही पोचलं.

आपल्याकडे शिक्कामोर्तब १९८२च्या ‘डिस्को डान्सर’ने केलं. त्यातल्या गाण्यात या शब्दाची अक्षरागणिक फोड आहे : डीचा डान्स, आयचा आयटम, ओचा ऑर्केस्ट्रा. गाण्यापुरती झकास, पण तीच व्युत्पत्ती म्हणून ऐकवणारे भेटतात, त्यांना काय म्हणावं! खरं तर ऑर्केस्ट्रा लागू नये म्हणूनच डिस्को निघाला. (‘डीजे’चंही तेच. तबकडी लावणारा माणूस होता. आपल्या मिरवणुकीत त्याची स्पीकरची भिंत झाली.)

हां, लिंग राहिलं. रेडिओ, स्टुडिओ, फोटो, टेम्पो यांच्या ओळीत बसवा : तो डिस्को.