९२ हजारांचा गेमिंग पीसी हप्त्यावर घ्यावा का?

तुमची माहिती थोडक्यात: वय २५, पुण्यात नोकरी, हातात पगार ३४,०००, खर्च २५,०००. एफडी ६०,०००, बचत खात्यात ४४,०००. दुकानदाराचं कोटेशन ९२,००० चं. क्रेडिट कार्डावर १२ महिन्यांचा ‘नो-कॉस्ट’ ईएमआय किंवा रोखीने घेतल्यास ३,००० कमी. तुम्ही विचारलंय, ईएमआय घेऊ की एफडी मोडू?

दोन्ही करू नका. चार महिने थांबा आणि ६२ हजारांची मशीन रोखीने घ्या. गेममध्ये ती या ९२ हजारवालीपेक्षा चांगली चालेल, कारण या कोटेशनमध्ये पैसा चुकीच्या जागी गेलाय.

आधी ईएमआय. महिना ७,६६७ म्हणजे तुमच्या ९,००० बचतीतले १,३३३ उरतात, तेही वर्षभर. ‘नो-कॉस्ट’ म्हणजे व्याज नाही असं नसतं. बँक व्याज लावते आणि तेवढी रक्कम किमतीत सूट म्हणून दाखवली जाते. दर १६ टक्के धरला तर ९२,००० मध्ये व्याजाचा भाग सुमारे ७,५०० येतो. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण १,३५०, तुमच्याच खिशातून जातो. प्रोसेसिंग फी वेगळी. रोखीची ३,००० ची सूट हातची जाते ती वेगळीच. म्हणजे ४,३५० आणि वर फी, आणि एखादा हप्ता चुकला तर कार्डाचा नेहमीचा व्याजदर.

खरं सांगायचं तर एफडी मोडणं याहून स्वस्त आहे. मुदतीआधी मोडल्यावर दंड बहुधा अर्धा ते एक टक्का असतो, ६० हजारांवर तो वर्षाला फार तर ६०० रुपये. पण प्रश्न दंडाचा नाही. तीन महिन्यांचा खर्च, ७५,०००, बाजूला हवाच. नोकरी गेली किंवा घरी कोणी आजारी पडलं तर कामाला येणारे पैसे तेच. ‘पुढे व्हिडिओ एडिटिंगही करीन’ असं तुम्ही लिहिलंय, जरूर करा, पण न आलेली कमाई हिशेबात धरू नका. तुमचे एकूण १,०४,००० वजा ७५,०००, म्हणजे आज मोकळे २९,०००. चार महिन्यांचे ३६,००० मिळवले की ६५,०००.

आता कोटेशन. आय७-१२७००एफ प्रोसेसर २४,०००, आणि त्याच्यासोबत ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र तयार करणारा पार्ट) आरटीएक्स ३०५०, ६ जीबी, १७,५००. हे उलटं आहे. फ्रेम, म्हणजे गेममध्ये सेकंदाला दिसणारी चित्रं, वाढतात त्या मुख्यतः या कार्डामुळे. शिवाय ३०५० या एकाच नावाने दोन कार्डं विकली जातात. ६ जीबीवाल्यात कोर (काम करणारे भाग) कमी आणि मेमरी बस (मेमरीकडे जाणारी वाट) १२८ ऐवजी ९६ बिटची, त्यामुळे ते ८ जीबीवाल्यापेक्षा हळू आहे. १२ कोरचा प्रोसेसर त्याच्यामागे नुसता बसून राहणार.

माझी यादी तुमच्याच शहरातल्या भावांच्या आसपास धरली आहे: आय५-१२४००एफ प्रोसेसर १०,५००, बी६६० डीडीआर४ मदरबोर्ड ८,५००, रॅम ८ जीबीच्या दोन स्टिक ९,०००, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड ८ जीबी २१,०००, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी ५,५००, ५५० वॉटचा ब्रॉन्झ रेटिंगचा एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज देणारा डबा) ४,३००, पुढून जाळी असलेलं कॅबिनेट ३,२००. कोटेशनमधल्या लिक्विड कूलरचे ६,५०० पूर्ण वाचतात. या प्रोसेसरला खोक्यात येणारा पंखा पुरतो. ‘एफ’ नसलेला १२४०० हजार-दीड हजाराच्या फरकाने मिळाला तर तोच घ्या. एफवाल्यात अंगचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे कार्ड वॉरंटीत गेलं की तितके दिवस स्क्रीन काळी.

रॅम १६ जीबीची एकच स्टिक लावू नका, कोटेशनमध्ये तीच आहे. दोन स्टिक असल्या की ड्युअल चॅनेल चालतो, म्हणजे दोन्ही एकाच वेळी काम करतात, आणि गेममध्ये फरक दिसतो. बोर्डाला चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात बसवा, आणि बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारी सोय, चालू करा. नाहीतर ३२०० ची रॅम बऱ्याचदा २६६६ किंवा त्याहून कमी वेगावर चालत राहते आणि वर्षभर कोणाच्या लक्षातही येत नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला कोटेशनमधल्या १,५०० रुपयांच्या ‘५५० वॉट’ एसएमपीएसची वाटते. दुकानात तो हातात घ्या आणि बाजूच्या लेबलवर +१२V खाली किती अँपिअर लिहिलेत ते पाहा. १८ अँपिअर असेल तर १२ गुणिले १८, २१६ वॉट. कार्ड आणि प्रोसेसरला मिळणारी खरी ताकद एवढीच. ही मशीन खेळताना सुमारे २५० वॉट घेते, आणि त्यातलं बहुतेक याच १२ व्होल्टच्या लाइनवरून. मग ऐन खेळात ती बंद पडते, किंवा एसएमपीएस जळताना बोर्ड आणि कार्डही घेऊन जातो. चांगल्या ५५० वॉटच्या युनिटवर ४० अँपिअरच्या पुढचा आकडा दिसतो, आणि कार्डासाठी ६+२ पिनची वायर असते.

मॉनिटर सध्या घेऊ नका. तुमच्याकडचा १०८०पी, ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा) चालू आहे, आणि त्यावर ६० च्या वरच्या फ्रेम तशाही दिसत नाहीत. १६५ हर्ट्झचा १०,५०० चा मॉनिटर पुढच्या वर्षी घ्या. आल्यावर केबल कार्डाला लावा, बोर्डाला नाही, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १६५ निवडा, नाहीतर तोही ६० वरच चालेल.

या चार महिन्यांत सुटे पार्ट एकेक करून जमवू नका. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू होते, आणि खराब निघालेला पार्ट दुकानदार बहुधा सुरुवातीच्या काही दिवसांतच बदलून देतो, चार महिन्यांनी नाही. सगळं एकाच दिवशी घ्या, जीएसटी बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या, आणि दुकानातच सुरू करून पाहा. मुंबईला कोणी जाणारं असेल तर तिथल्या लॅमिंग्टन रोडचे, म्हणजे कॉम्प्युटर पार्टच्या बाजाराचे, भावही आधी काढून ठेवा.

६५,००० मधले उरलेले ३,००० रॅम किंवा एसएसडीचा भाव चढला तर त्यासाठी ठेवा, ते भाव महिन्याभरातही हलतात. नाही चढला तर त्यात थोडी भर घालून ६०० व्हीएचा यूपीएस घ्या, ३६० वॉटपर्यंत झेपणारा. लाइट गेल्यावर गेम सेव्ह करून मशीन बंद करायला तेवढी मिनिटं पुरतात.