मुर्सी बायका गुलामांच्या व्यापाऱ्यांना नकोशा वाटाव्यात म्हणून ओठात थाळी घालू लागल्या, हे खरं का?

नाही, या कथेला पुरावा नाही. इथिओपियातल्या ओमो खोऱ्यातल्या मुर्सी लोकांत ओठातली थाळी ही मुलगी वयात आल्याची, लग्नाजोगी झाल्याची खूण आहे. त्यांच्यात अनेक वर्षं काम केलेले मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड टर्टन यांनीही हेच म्हटलंय. साधारण 15-16 व्या वर्षी आई किंवा वस्तीतली दुसरी बाई मुलीचा खालचा ओठ कापते. जखम भरेपर्यंत त्यात लाकडी खुंटी राहते, मग काही महिने आणखी जाड खुंट्या घालत भोक वाढवतात आणि शेवटी भाजक्या मातीची थाळी बसते. ती दिवसभर घालत नाहीत. नवऱ्याला जेवण वाढताना, गाईंची धार काढताना, लग्नात किंवा काठ्यांच्या झुंजींच्या वेळी घालतात. (फोटोंत दिसणारा डोक्यावरचा थाट बराचसा पर्यटकांसाठी असतो.) ‘थाळी मोठी तितक्या गाई जास्त’ हेही पटण्यासारखं नाही, कारण देज (लग्नात वराकडून मुलीच्या घरी जाणाऱ्या गाई) बऱ्याचदा ओठ कापायच्या आधीच ठरलेलं असतं. अर्थात हे सगळं मुर्सींपुरतंच. ब्राझीलच्या कायापो लोकांत ओठात चकती घालतात ते पुरुष.