चार पेडल लावले की ॲम्प घुमायला लागतो, ॲम्पच खराब आहे का?

भावा, आधी तो ॲम्प खोक्यात भरून दुरुस्तीला पुण्याला पाठवायचा विचार डोक्यातून काढ. तूच लिहिलंयस की गिटार थेट लावली तर ॲम्प जवळपास गप असतो आणि वा (पायानं दाबून टोन बदलणारा), डिले (पडसाद देणारा), डिस्टॉर्शन (आवाज फाडणारा), कोरस (आवाज भरीव करणारा) असे चार पेडल मध्ये आले की घूंऽऽ चालू होतं, वर टोनचा चिखल. मग यात ॲम्पचा काय दोष? बिचाऱ्याला मागून जे येतंय ते तो मोठं करून ऐकवतोय.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, भिंतीला लागून यंत्रमागाचं शेड, आणि १२ वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतोय, लग्न, गणपती, नवरात्र, मिळेल ते. त्यामुळे घरचा, मंडपातला, मंगल कार्यालयातला असा सगळ्या जातीचा आवाज ऐकून झालाय. पहिल्यांदा आवाज कसला आहे ते ओळख. नुसतं सूंऽऽ, गॅस सुटल्यासारखं, तर ते गेनचं, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा त्या नॉबचं. किंईई असं बारीक शिट्टीसारखं, ते बहुतेक डिजिटल पेडलच्या पॉवरचं. झर्रर्र असं कोरडं, ते पंख्याचा रेग्युलेटर, ट्यूबचा चोक असल्या गोष्टींचं. आणि घूं म्हणजे लाइटीचं. हे पक्कं करायचं असेल तर मोबाईलवर ट्यूनर लाव आणि फोन स्पीकरसमोर धर, काटा जी (G) सुराच्या थोडासा वर थांबतो की नाही बघ. आपली लाइट ५० हर्ट्झची, तिचं दुप्पट १००, आणि तुझ्या सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट म्हणजे ९८ हर्ट्झ, म्हणून तो जी आणि म्हणून थोडा वर. अमेरिकेतले व्हिडिओवाले सारखं ६० सायकल ६० सायकल करतात ते त्यांच्याकडच्या लाइटीचं, त्यांचं घुमणं बी (B) सुराच्या आसपास पडतं, आपण ते बघून गोंधळायचं नाही.

आता तुझा खरा संशयित. चारही पेडल एकाच अडॅप्टरवर, त्या शेपटीसारख्या डेझी चेननं (एका वायरीला ओळीनं अनेक पिना) लावलेत असं तू म्हणतोस आणि त्यात डिले डिजिटल आहे. साध्या डिस्टॉर्शनला काही मिलीअँप करंट पुरतो, डिजिटल डिलेला त्याच्या कितीतरी पट लागतो, शिवाय त्याच्या आतल्या चिपची कटकट त्याच वायरीतून बाकीच्यांच्या पोटात जाते आणि डिस्टॉर्शन ती आनंदानं शंभरपट करून पुढं ढकलतं. टेस्ट एकदम सोपी आहे, ९ व्होल्टची बॅटरी आण, डिस्टॉर्शनमध्ये टाक, अडॅप्टरची पिन काढ आणि ऐक. आवाज एकदम खाली बसला तर चोर सापडला. मग लगेच महागडा आयसोलेटेड पॉवर सप्लाय (प्रत्येक पेडलला वेगळी लाइन देणारा) घ्यायलाच पाहिजे असं नाही, डिलेला वेगळा अडॅप्टर दे आणि बाकी तीन जुन्यावर राहू देत, माझे दोन वर्षं तसेच चालले. फक्त अडॅप्टर घेताना मधली पिन मायनस आहे ना ते पेडलवरच्या चित्राशी जुळवून बघ, नाहीतर पेडल उडेल. टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर बसतोय म्हणून खुपसायचा नाही, त्यावर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं बहुतेक वेळा.

बॅटरीनंही फरक पडला नाही तर घराकडं वळ. माझी गंमत सांगतो. मला झर्रर्र यायचा आणि मी दोन महिने शेजारच्या मागांना शिव्या घालत होतो, एवढ्या मोटारी एका लायनीवर म्हटल्यावर दुसरं काय होणार. मग एका सुट्टीला माग बंद होते, सगळी गल्ली शांत, मी खूष होऊन ॲम्प लावला तर झर्रर्र आहे तिथंच. बायकोनं आत येऊन पंखा ५ वर केला आणि आवाज निम्म्यावर आला. गोल फिरवायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर होता, तो लाइटीची लाट अर्धवट कापून पंखा हळू करतो, त्या कापण्याचा आवाज गिटारचा पिकअप, म्हणजे तारांखालचं चुंबक आणि तारेची कॉइल, उचलत होता. फुल्ल केला की कापाकापी नसते. मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद करून गिटार वाजव म्हणणं म्हणजे शिक्षाच आहे, तर फुल्ल ठेव नाहीतर टकटक टप्प्यांचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवून घे. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर वाजवत असशील आणि तेव्हाच जास्त घुमत असेल तर तो स्क्वेअर वेव्हवाला असणार, त्यावर पंखासुद्धा घुरघुरतो बघ, त्याला इलाज नाही, लाइट येईपर्यंत चहा प्यायचा.

तुझी गिटार सिंगल कॉइल पिकअपची आहे ना, मग ती हातात घेऊन जागेवर गोल फीर. एका दिशेला आवाज मरतो, एका दिशेला बोंबलतो, कारण सिंगल कॉइल म्हणजे अँटेनाच. १९५५ साली गिब्सनमधल्या सेथ लव्हरनं हंबकर नावाच्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला तो याच रडगाण्यावर, एकमेकींच्या उलट अशा दोन कॉइल, लाइटीचा आवाज आपसात कटतो, तारेचा राहतो. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर घाबरू नको, ते नॉर्मल आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर मात्र अर्थिंग बघ.

अर्थिंगवर थोडा थांबतो. आमच्या घरी उन्हाळ्यात घुमणं वाढायचं आणि पावसाळ्यात आपोआप कमी व्हायचं, मला वाटायचं ॲम्पला ऊन सोसत नाही. ओळखीचा वायरमन आला, त्यानं ॲम्प बघितलाच नाही, सरळ मागच्या बोळात जाऊन अर्थिंगचा खड्डा उघडला, कोळसा मीठ टाकलेला जुना खड्डा, आत माती अशी वाळलेली की नुसता भुगा. दोन घागरी पाणी ओतायला लावलं आणि म्हणाला आता वाजवा. फरक मी माझ्या कानानं ऐकला. कोरड्या मातीतून करंट नीट जात नाही एवढंच, पण हे कुठल्याच गिटारच्या व्हिडिओत सांगत नाहीत. तुझ्याकडं भाड्याचं घर असेल तर सॉकेटच्या वरच्या जाड भोकाला आत वायर जोडलीय का हे वायरमनकडून तपासून घे, जुन्या घरांत तिथं काहीच नसतं. आणि आवाज जातो म्हणून प्लगची जाड पिन तोडायचा सल्ला कुणी देईल, तसलं अजिबात करू नको. मंडपात माइकला ओठ लागल्यावर झटका खाल्लेला माणूस बोलतोय. लॅपटॉप जोडल्यावरच घुमत असेल तर ॲम्प आणि चार्जर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घे किंवा चार्जर काढून बॅटरीवर चालव, पिनला हात नाही लावायचा.

राहिला टोनचा चिखल, तो तुझ्याच क्रमात दिसतोय. डिले आधी, डिस्टॉर्शन नंतर लावलंयस. म्हणजे डिलेचे बारीक होत जाणारे पडसाद डिस्टॉर्शनमध्ये जाऊन परत मूळ सुराएवढे मोठे होतात आणि सगळे एकमेकांवर बसतात. वा, मग डिस्टॉर्शन, मग कोरस, सगळ्यात शेवटी डिले असं लाव. मुद्दाम उलटं लावणारेही आहेत पण ते नंतर. आणि पेडलचा गेन फुल्ल, ॲम्पचाही ओव्हरड्राइव्ह चॅनल चालू असं असेल तर एक बंद कर, ॲम्प क्लीनवर ठेव. पेडलचा गेन निम्म्यावर आण आणि मिड (मधल्या सुरांचा नॉब) वाढव. एकट्यानं खोलीत वाजवताना मिड काढलेला आवाज भारी वाटतो, पण ढोलकी आणि कीबोर्ड सुरू झाले की तुझी गिटार कुठं गेली ते तुलाच सापडत नाही. गेन उतरवल्यावर ते सूंऽऽ पण निम्मं जातं, फुकटात.

नॉइज गेट घेऊ का विचारलंयस. आत्ता नको. तू वाजवत नसताना तो आवाजाचं दार लावतो, वाजवताना घाण आहे तशीच येते. पुढं घेतलास तर डिस्टॉर्शननंतर आणि डिलेच्या आधी ठेव, नाहीतर डिलेच्या शेपट्याच कापून टाकेल.

वा दाबताना खर्र खर्र होतं ते मात्र यातलं काहीच नाही, त्याच्या पॉटमध्ये (पेडलसोबत फिरणाऱ्या आतल्या नॉबमध्ये) धूळ गेलीय. आपल्याकडं तर धुळीला तोटाच नाही. खालचं झाकण उघड, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पॉटच्या फटीत मार, वीस पंचवीस वेळा पूर्ण वर खाली कर आणि पाच मिनिटं वाळू दे. त्यानंतर पेडल पिशवीत नीट झाकून ठेवत जा, मी जुन्या चादरीत गुंडाळतो.