एमबीबीएसनंतर डेटाकडे वळताना

इंटर्नशिप संपल्यावर कम्प्युटेशनल रिसर्चकडे, म्हणजे रुग्णांच्या डेटावर संगणकाने करायच्या संशोधनाकडे वळायचं म्हणतोस, तर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि डेटाबेसमधून माहिती काढायचं एसक्यूएल, यांवर आधी हात बसव. मशीन लर्निंगची घाई नको. संख्याशास्त्र मात्र कसून कर, एमबीबीएसला पीएसएममध्ये (सामाजिक आरोग्याच्या विषयात) शिकलो तेवढ्यावर भागत नाही.

मग फिजिओनेट या वैद्यकीय डेटाच्या वेबसाइटवरचा मिमिक हा डेटासेट घे. बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकोनेस रुग्णालयातल्या आयसीयू रुग्णांच्या नोंदी आहेत, ओळख पुसलेल्या. फुकट मिळतो, पण आधी ऑनलाइन प्रशिक्षण आणि करारावर सही लागते. मिमिक-३ या त्याच्या आवृत्तीत काही रुग्णांचं वय ३०० च्या आसपास दिसेल. ८९ च्या पुढच्यांची जन्मतारीख ओळख लपावी म्हणून मुद्दाम मागे सरकवलेली आहे. सरासरी काढण्याआधी असं काही आहे का ते बघायची सवय लाव.

तुझी खरी ताकद इथेच आहे. लॅक्टेटचा (गंभीर रुग्णांत करायच्या एका रक्ततपासणीचा) रकाना रिकामा दिसला की वॉर्ड न पाहिलेला माणूस तिथे सरासरी भरून मोकळा होतो. तुला ठाऊक असतं की रुग्ण बरा दिसत होता म्हणून कुणी सॅम्पल पाठवलंच नसेल. तेव्हा 'तपासणी झाली की नाही' याचा वेगळा रकाना कर.

आणि गाइड निवडताना तिथे डॉक्टर आणि संख्याशास्त्रज्ञ खरंच एकत्र बसतात का, ते त्याच्या विद्यार्थ्यांनाच विचार.