अमळनेरच्या कॉलेजात एक तासाचं सत्र आहे. चित्रं दाखवून ‘बाई अशी दिसते, पुरुष असा दिसतो’ हे समज कसे हलवता येतील?

तीनच चित्रं घ्या. वीस दाखवलीत तर पोरं मोबाईल काढतात. आणि आधी भाषण नको. विषय कळला की सगळे शहाण्यासारखं उत्तर देतात, मनातलं देत नाहीत.

पहिलं, अजिंठ्याच्या १ नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी. मुकुट वगळून फक्त चेहरा आणि गळा दाखवा: झुकलेली नजर, कोरलेल्या भुवया, मोत्यांची माळ. ‘हे कोण आणि कशावरून?’ चिठ्ठीवर लिहू द्या. दोन मिनिटं, बोलायचं नाही; एक जण बोलला की बाकीचे तेच लिहितात. मग पूर्ण चित्र लावा: रुंद खांदे, उघडी छाती, हातात कमळ. बोधिसत्त्व आहे, पुरुष. खरा माल ‘कशावरून’मध्ये असतो. ‘माळ’, ‘लाजरी नजर’ अशी उत्तरं फळ्यावर मांडा आणि विचारा, सुमारे १५०० वर्षांपूर्वीच्या चित्रकाराला यात बायकी काहीच कसं वाटलं नाही?

रंग मुळातच मंद आहेत, त्यामुळे खिडक्या बंद हव्यात. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत नको, भुवयांचा चिखल होतो.

दुसरं, स्त्रीवेशातले बालगंधर्व (१८८८–१९६७). शांत बसलेला फोटो निवडा. हावभावाचा घेतलात तर टीव्हीवरचे साडी नेसलेले विनोदवीर आठवतात आणि वर्ग हसण्यात जातो. त्यांची साडी नेसायची तऱ्हा आणि दागिने त्या काळी घरंदाज बायका उचलत, हे नंतर सांगा. मग नक्कल कोण कुणाची करत होतं, यावर पोरं आपोआप भांडतात.

तिसरं गावातलं. भरीत पार्टीचा फोटो मात्र नको. वांगी भाजायला, ठेचायला पुरुष राबतात हे खानदेशात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यानं काही हलत नाही. त्यापेक्षा घरच्या चुलीपाशी कळण्याची भाकरी थापणाऱ्या पुरुषाचे नुसते हात दाखवा. फोटो मनगटाच्या आत कापा, नाहीतर घड्याळ किंवा बाही चुगली करते. ज्याचा फोटो आहे त्याला आधी विचारा.

चिठ्ठ्यांवर नावं नकोत. वर्गात एखाद्या मुलाला आधीच ‘बायल्या’ म्हणत असतील तर पद्मपाणी दिसताच माना त्याच्याकडे वळतात. तसं झालं तर समज द्यायला थांबू नका, पुढचं चित्र लावा.