एकट्याची खिचडी बुडाला का लागते?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्मी तरी एकटं राहणाऱ्यांची आहेत. कुणी नोकरीसाठी घर सोडलंय, तर कुणाचं घरच रिकामं झालंय. म्हणून यावेळचं सदर एका ताटाचं.

ताई, मी मूळचा लातूरचा, सहा महिन्यांपासून हिंजवडीत एकटा राहतो. रूमवर इंडक्शन आणि आईने दिलेला पाच लिटरचा कुकर आहे. आईला विचारून खिचडी करतो, ती चार जणांचं प्रमाण सांगते, मी चारने भागतो. तरी दरवेळी खाली करपते आणि वर तांदूळ कच्चा. चुकतं कुठे? – एक वाचक, पुणे

अरे, चुकतंय ते भागाकारातच. तांदूळ, डाळ, मीठ चारने भागता येतं, पाणी नाही भागता येत. शिट्टी होईपर्यंत आणि प्रत्येक शिट्टीबरोबर जी वाफ बाहेर जाते ती खिचडी पाव केली म्हणून पाव होत नाही, आणि ती वाफ येणार कुठून तर तुझ्या त्या वाटीभर पाण्यातूनच, म्हणजे खालचं पाणी लवकर कमी पडतं आणि रुंद बुडावर डाळ-तांदळाचा एवढासा पातळ थर पापडासारखा भाजत बसतो. आईच्या कुकरात हे होत नाही कारण तिच्याकडे खिचडीच भरपूर असते.

यावर उपाय जुनाच आहे, आपल्या आज्या वरणभात लावायच्या तसा. कुकरच्या तळाला दीड-दोन वाट्या पाणी घाल, त्यात जाळी ठेव आणि वर स्टीलच्या डब्यात खिचडी लाव. अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, डब्यात अडीच वाट्या पाणी, हळद, मीठ. डबा निम्म्याच्या वर भरायचा नाही, नाहीतर उतू जातं. डब्यातलं पाणी फारसं उडत नाही त्यामुळे हे माप रोज तसंच्या तसं चालतं. चार शिट्ट्या, मग कुकर आपोआप थंड होऊ दे. वाटी मात्र एकच ठरव आणि तीच वापर, मी स्वतः वर्षभर कधी या वाटीने कधी त्या वाटीने मोजायचे आणि मग तांदळाला नावं ठेवायचे. पुढेमागे दीड-दोन लिटरचा इंडक्शनवर चालणारा कुकर घेतलास तर उत्तमच, पण त्यासाठी आत्ता अडू नको.

आता फोडणी. तू लिहिलं नाहीस पण तिथेही रडारड होत असणार. इंडक्शनला छोटं कढलं ओळखू येत नाही, ॲल्युमिनियमचं तर नाहीच. सपाट पॅनमध्ये चमचाभर तेल घातलं की ते चारी बाजूंना पसरतं, मोहरी अर्धी कोरडीच राहते आणि तडतडायच्या आत जळते, बरं पॅन तिरका करून तेल एका जागी आणावं तर इंडक्शन बंद! म्हणून रविवारी एकदाच अर्धी वाटी तेलाची फोडणी करून ठेव, मोहरी, जिरं, हिंग आणि गॅस, म्हणजे तुझं इंडक्शन, बंद केल्यावर हळद. पूर्ण गार झाली की कोरड्या बाटलीत. आठवडाभर वरणावर, पोह्यांवर, कोशिंबिरीवर चमचाचमचा घे. त्यात ओला लसूण, मिरची, कढीपत्ता घालून मात्र ठेवायचं नाही, ओल्या गोष्टी तेलात बाहेर ठेवणं धोक्याचं आहे, त्या लागतील तेव्हा ताज्या परतून घे.

आणि एक, जे मला कुणी सांगितलं नाही म्हणून मी सलग चार दिवस दुधीची भाजी खाल्लीये, शेवटच्या दिवशी अक्षरशः डोळ्यात पाणी. तर भाजी-आमटी करून ठेवायची नाही, तिची तयारी करून ठेवायची. अर्धी वाटी तुरीची डाळ नुसती शिजव, फोडणीबिडणी काही नाही, घोटून फ्रीजमध्ये. पहिल्या दिवशी मीठ, तूप, लिंबू आणि भात. दुसऱ्या दिवशी चिंच, गूळ, गोडा मसाला घालून आमटी. तिसऱ्या दिवशी तीच पातळ करून उकळायला ठेव, एका पोळीएवढी कणिक लाटून शंकरपाळ्यासारखी काप आणि सोड त्यात, वरणफळं झाली, पोळी वेगळी करायची कटकटच नाही. डाळ एकदाच शिजली पण जेवण तीन वेगळी झाली. मटकीचंही तसंच, अर्धी वाटी भिजवून मोड आणलेस की ती चांगली दुप्पट-तिप्पट होते, थोडीची उसळ, थोडी वाफवून कांदा-टोमॅटोबरोबर, उरलेली फ्रीझरमध्ये.

फक्त भात रात्रभर कुकरात बाहेर ठेवू नको. उरलेला भात तासा-दोन तासांत फ्रीजमध्ये गेला पाहिजे. काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांचं विष सकाळी फोडणीत परतल्यानेही जात नाही. सकाळचा फोडणीचा भात खा की, पण फ्रीजमधल्या भाताचा.

माझं वय 68. हे जाऊन दोन वर्षं झाली, मुलगा बंगळुरूला. चाळीस वर्षं सगळ्यांचं केलं, आता एकटीसाठी गॅस पेटवावासा वाटत नाही. रात्री चहा-बिस्किटांवर भागतं. वजनही कमी झालंय. – एक वाचक, मिरज

काकू, कंटाळा स्वयंपाकाचा नाहीये हो, समोर कुणी "आज काय केलंय" म्हणून विचारणारं नाही त्याचा आहे, आणि त्यावर माझ्याकडे रेसिपी नाही. पण वजन आपोआप कमी होत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवून या, सगळं चहा-बिस्किटांवर ढकलू नका.

रात्रीचं म्हणाल तर तुम्हाला येतं तेच परत आठवून देते. उकड. अर्धी वाटी तांदळाचं पीठ, एक वाटी आंबट ताक, अर्धी वाटी पाणी, मीठ, सगळं गुठळ्या न ठेवता कालवायचं. छोट्या कढईत तेल, मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, मिरची, कढीपत्ता, त्यावर कालवलेलं ओतून हात न थांबवता ढवळायचं. कडा सुटायला लागल्या की मंद गॅसवर झाकण आणि दोन वाफा. खाताना वर कच्चं तेल. एक कढई, एक ताटली, पंधरा मिनिटांत आवरून मालिका लावायला मोकळ्या. नाचणीच्या पिठाचीही होते. दुसऱ्या दिवशी मऊ भात-मेतकूट-तूप, तिसऱ्या दिवशी ताकाबरोबर मुगाच्या डाळीचं धिरडं, अंडं चालत असेल तर तेही. डाळ, ताक, अंडं यातलं काहीतरी रोज पोटात जाऊ दे, नुसत्या भातावर या वयात अंगात ताकद राहत नाही.

भाजणी मात्र एकटीसाठी करू नका. गिरणीवाला वाटीभर दळून देणार नाही आणि किलोभर तुमच्याच्याने संपणार नाही. शेजारणीबरोबर अर्धी-अर्धी करा, धान्य भाजताना ती बसेलच तासभर.

मी डोंबिवलीला एकटी राहते. रात्री कणिक भिजवून ठेवते पण सकाळी काळपट होते. खराब झाली का?

नाही. चिरलेलं वांगं हवेने काळं पडतं तोच प्रकार आहे. गोळ्याला तेलाचा हात लाव, डबा गोळ्याच्या मापाचाच घे म्हणजे वर हवा राहत नाही, आणि दुसऱ्या दिवशी संपव. आंबूस वास आला किंवा बोटाला चिकट तार आली तर टाकून दे. वाटीभर कणकेच्या चार-पाच पोळ्या होतात, तेवढीच भिजवलीस तर प्रश्नच मिटला.

डबा लावू की स्वतः करू? दोन डबे लावलेत, भाजीवर तेलाचा तवंग आणि रोज बटाटा. – एक वाचक, नाशिक

दोन्ही कर. दुपारचा एकच डबा ठेव, रात्री घरी भात-वरण नाहीतर पिठलं. नऊ वाजता दमून आल्यावर पोळ्या लाटेन वगैरे स्वतःला फसवू नको, पोळ्या डब्यातल्याच दोन जास्त मागव.

एकट्याने कोबीचा गड्डा संपवायचा कसा?

आधी अख्खा घ्यायचाच नाही, भाजीवाल्या मावशी अर्धा कापून देतात, तोंड उघडून मागायचं. घेतलाच असेल तर सुरीने चिरू नका, बाहेरून एकेक पान सोडवत जा, आतला गड्डा बरेच दिवस टिकतो. पहिल्या पानांची चणाडाळ घालून भाजी, मग बारीक चिरून थालीपिठात, मधला कोवळा भाग दाण्याचं कूट-लिंबू घालून कच्चाच. आणि देठाचा तो कडक दांडा राहतो ना, तो फेकू नका, मीठ लावून खा, आमच्या घरी त्यावरून भांडणं व्हायची. आता अख्खा तुमचाच आहे.