गाडीत रास्पबेरी पाय आणि टचस्क्रीन बसवायची आहे, वायरिंग कसं करू?

तुमच्या हॅचबॅकचा जुना डबल-डिन (दुप्पट उंचीच्या खाचेतला) स्टिरिओ काढून तिथे रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक आणि ७ इंची टचस्क्रीन बसवायची आहे. नकाशा, गाणी आणि जमल्यास रिव्हर्स कॅमेरा हवा आहे, आणि पायला लायटरच्या सॉकेटमधल्या मोबाइल चार्जरवरून वीज दिली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल, पण फार दिवस नाही. चावी काढली की पायची वीज तडकाफडकी जाते, आणि कधीतरी नेमकं त्याच्या मेमरी कार्डवर काहीतरी लिहिणं चालू असताना जाते आणि कार्ड बिघडतं. मग गाडी सुरू होते, पाय सुरू होत नाही.

नुसता नकाशा आणि गाणीच हवी असतील तर अँड्रॉइड ऑटोचं (फोनवरचा नकाशा आणि गाणी गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारं) तयार युनिट घ्या, वेळ आणि पैसा दोन्ही वाचतील. खटपटीची हौस असेल तरच पुढचं वाचा. या कामात स्क्रीन आणि सॉफ्टवेअर सोपं असतं. खरं काम विजेचं आहे.

गाडीच्या १२ व्होल्टवर विसंबू नका. उभ्या गाडीत बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४, आणि स्टार्टर फिरताना क्षणभर ८-९ पर्यंत खाली येते. म्हणून ८ ते ३६ व्होल्ट इनपुट घेणारा, ५ व्होल्टला खरोखर ५ अँपिअर देणारा बक कन्व्हर्टर (व्होल्ट उतरवणारी पट्टी) घ्या. एलएम२५९६ चिपची स्वस्त निळी पट्टी घेऊ नका. तिच्यावर ३ अँपिअर लिहिलेलं असतं, पण हीटसिंकशिवाय (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याशिवाय) २ च्या वर ती तापते आणि बंद डॅशमध्ये तर लवकरच मान टाकते. कन्व्हर्टरच्या इनपुटवर एसएमसीजे२४ए हा टीव्हीएस डायोड लावला की अल्टरनेटरचे झटके तो झेलतो.

कन्व्हर्टर पायच्या शेजारीच बसवा आणि लांब ओढायची ती १२ व्होल्टची वायर ओढा. उलट केलं, म्हणजे ५ व्होल्टची केबल लांब ओढली, तर काय होतं त्याचा हिशेब बघा. साध्या यूएसबी केबलमधली वीजवाहक वायर २८ गेजची असेल तर १ मीटरला जाऊन-येऊन साधारण ०.४ ओहम रोध पडतो. पाय आणि स्क्रीन मिळून २ अँपिअर ओढत असतील तर ०.८ व्होल्ट केबलमध्येच जिरतात आणि पायपर्यंत ४.२ पोचतात. पाय ४.६३ च्या खाली गेला की स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह दिसतं. लोक ती बघून नवा पाय आणतात, दोष केबलचा असतो. कन्व्हर्टर ५.१ व्होल्टवर लावा आणि पायच्या ५ व्होल्ट पिनवर, स्क्रीन पूर्ण उजळलेली असताना, मल्टिमीटरने मोजा.

आता स्टिरिओच्या मागचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड. आयएसओ या प्रमाणित पद्धतीत पिवळी वायर कायम १२ व्होल्ट, लाल चावीवर, काळी अर्थ (अर्थिंग, गाडीच्या बॉडीला जोडलेली). पण रंगावर जाऊ नका. काही गाड्यांत पिवळी-लाल उलट असतात, आणि आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांचा कपलर मुळात आयएसओ नसतोच. चावी काढून आणि लावून दोन्ही वेळा मीटर लावा. मूळ वायर कापू नका. तुमच्या मॉडेलचा जोड-कपलर ॲक्सेसरीच्या दुकानात मिळतो, त्याच्या शेपटीला आपल्या वायरी डाग देऊन (सोल्डर करून) जोडा आणि वर हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. साध्या काळ्या टेपचा गोंद मे महिन्याच्या उन्हात पाघळतो आणि जोड उघडा पडतो.

जोडणी अशी: पिवळी, मग ५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज, मग ऑफ-डिले टायमर रिले (चावी काढल्यावर ठरलेल्या वेळाने वीज तोडणारा स्विच), मग कन्व्हर्टर, मग पाय. फ्यूज पिवळ्या वायरच्या सुरुवातीलाच हवा. पायच्या तोंडाशी लावलेला फ्यूज मधल्या वायरचा शॉर्ट वाचवत नाही. रिलेला लाल वायरचा इशारा द्या आणि वेळ ६० सेकंद ठेवा: चावी काढल्यावर मिनिटभराने सगळं तोडायचं.

त्या मिनिटात पायने स्वतः बंद व्हायला हवं, आणि त्यासाठी चावी निघाल्याचं त्याला कळायला हवं. इथे पीसी८१७ हा काही रुपयांचा ऑप्टोकपलर कामाला येतो: आत एलईडी लागली की पलीकडचा ट्रान्झिस्टर चालू होतो, १२ व्होल्ट पायपर्यंत येत नाहीत. लाल वायर १.५ किलोओहम, पाव वॅटच्या रेझिस्टरमधून त्याच्या एलईडीला द्या, एलईडीचं दुसरं टोक अर्थला. पलीकडे ट्रान्झिस्टरचा कलेक्टर जीपीआयओ ३ ला (जीपीआयओ म्हणजे बाहेरचे इशारे घेणाऱ्या पिना), म्हणजे पायच्या ५ नंबरच्या पिनला, आणि एमिटर ६ नंबरच्या, अर्थच्या पिनला. चावी असेपर्यंत पिनचा व्होल्टेज खाली, चावी काढली की वर. पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओ-शटडाउन ओव्हरले (पिनच्या इशाऱ्यावर पाय बंद करणारी सेटिंग) लावताना ॲक्टिव्ह-लो शून्य करायला विसरू नका. मूळ सेटिंग उलटं आहे, त्यामुळे तसंच ठेवलं तर चावी लावण्यालाच पाय बंद व्हायची खूण समजेल. डिबाउन्स, म्हणजे इशारा किती वेळ टिकला तर खरा मानायचा ती वेळ, ३००० मिलिसेकंद द्या, कारण स्टार्टर मारताना बऱ्याच गाड्या लाल वायरची वीज क्षणभर तोडतात.

पिन मुद्दाम जीपीआयओ ३ सांगितली. पेट्रोल पंपावर गाडी बंद केली आणि अर्ध्या मिनिटात परत चावी लावली, तर रिले अजून सुटलेला नसतो आणि पाय मात्र बंद पडलेला असतो. वीज आहे पण जीव नाही, अशी अवस्था. जीपीआयओ ३ खाली ओढली की झोपलेला पाय ४ उठतो. दुसऱ्या पिनवर हे होत नाही. मात्र ती पिन आय-टू-सीची (जोड-मॉड्यूलशी बोलायच्या वाटेची) आहे, त्यामुळे घड्याळाचं डीएस३२३१ मॉड्यूल तिथे जोडता येणार नाही. वेळ फोनवरून किंवा जीपीएसवरून घ्या.

बॅटरी उतरण्याचा धोका वाटतो तितका लहान नाही. चावी काढल्यावर रिले आणि बाकीचं मिळून २० मिलिअँपिअर जरी खात राहिलं, तरी दिवसाला जवळजवळ अर्धा एएच (अँपिअर-तास), महिन्याला १४. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ एएचची असते. पिवळ्या वायरीत मीटर सिरीजमध्ये घालून मोजा, ५ मिलिअँपिअरच्या आत आणा.

आवाजाला पायच्या ३.५ मिमी जॅकवर राहू नका, खरखर असते. यूएसबी डॅक (आवाज बाहेर काढणारं वेगळं कार्ड) घ्या, पुढे टीडीए७३८८ चिपचा चार चॅनलचा ॲम्प्लिफायर. त्याला वेगळा १० अँपिअर फ्यूज आणि २.५ चौरस मिमीची वायर, थेट बॅटरीवरून. स्पीकरची निगेटिव्ह वायर बॉडीला टेकवू नका, हा चिप ब्रिज पद्धतीचा आहे, दोन्ही वायरी जिवंत असतात. ॲक्सिलरेटर दाबला की चढत जाणारी शिट्टी ऐकू आली तर तो अर्थचा लूप आहे, म्हणजे अर्थ दोन वेगळ्या वाटांनी जुळली आहे. खात्री करायला पाय पॉवर बँकेवर चालवून बघा. शिट्टी गेली तर पाय आणि ॲम्प्लिफायर दोघांची अर्थ एकाच बोल्टला, रंग खरवडून, जोडा. ग्राउंड लूप आयसोलेटर (हा लूप तोडणारं, आवाजाच्या वायरीत लावायचं यंत्र) हा शेवटचा उपाय, तो बास थोडा खातो.

पायची अधिकृत ७ इंची जुनी स्क्रीन १९४ बाय ११० मिमी आहे आणि डबल-डिन खाच साधारण १८० बाय १०० मिमी. म्हणजे फ्रेम कापावी लागते किंवा स्क्रीन खाचेच्या पुढे बसवावी लागते. विकत घेण्याआधी पुठ्ठा कापून लावून बघा. पाय स्वतः ८० अंश सेल्सिअसला वेग कमी करायला लागतो, म्हणून तो काचेखाली डॅशवर न ठेवता ग्लोव्हबॉक्समागे, धातूच्या हीटसिंक-केसमध्ये ठेवा. स्क्रीनची केबल त्या मानाने लांब घ्यावी लागेल.

सॉफ्टवेअरमध्ये पायवर अँड्रॉइड ऑटो चालवणारं ओपनऑटो किंवा त्यावर बांधलेलं क्रँकशाफ्ट. फोन यूएसबीने जोडला की अँड्रॉइड ऑटो दिसतो. फोनवरचं ॲप अपडेट झालं की कधी अडतं, हे गृहीत धरा. सगळं जमल्यावर रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंग प्रोग्रॅममधून ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा. मग कार्डवर काही लिहिलंच जात नाही, गाणी वेगळ्या पेनड्राइव्हवर.

रिव्हर्स कॅमेरा मात्र पायवर नको. पाय उठायला २०-३० सेकंद घेतो आणि यूएसबी कॅप्चरमधलं चित्र मागे पडतं. तेवढ्यात मागची भिंत लागते. रिव्हर्स लाइटच्या १२ व्होल्टवर चालणारा छोटा स्वतंत्र मॉनिटर आरशावर लावा. आणि डॅश उघडताना, स्टिरिओच्या कपलरमधली पिवळी वायर सोडून, पिवळ्या आवरणाच्या वायरी किंवा पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे समजा. त्यांना मीटरसुद्धा लावू नका, आणि पॅसेंजर एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवू नका.